जन्मवेळ आठ पंचेचाळीस

स्नेहलतागंज, इंदूर
२५ ऑक्टोबर १९९५

प्रिय दादा,

आईने सांगितलं तसं पत्र मी आज तुला सुरतला पाठवलं. मुलगी ग्रहण सुटल्यावर दहा वाजता झाली, असं त्यात आहे. ते खरं नाही.

काल पहाटेपासून वहिनीला कळा येत होत्या. आई म्हणाली, "ग्रहण सुटेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही." ग्रहण म्हणजे चंद्राची सावली, हे मी पेपरात दोनदा वाचलं होतं. तरी भीती वाटलीच, पण कळा वाढल्या तसा मी रिक्षा शोधायला बाहेर पडलो. रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती. शेवटी मिलमधल्या तुझ्याच खात्यातले बाबूलालजी आले. मिल बंद पडल्यापासून ते रिक्षा चालवतात. म्हणाले, "भिया, अपने को तो तीन साल से ग्रहण लगा है. बिठाओ बहूजी को."

मुलगी आठ पंचेचाळीसला झाली. तेव्हा सूर्य अर्ध्याहून जास्त झाकलेला होता. दोघी छान आहेत.

दवाखान्यातल्या फॉर्मवर आईने दहा लिहायला सांगितलं. "ग्रहणातली म्हणून पोरीला जन्मभर बोल लागेल." मी आठवी नापास, पण सरकारी कागदावर खोटी वेळ लिहायला हात धजेना. खरी वेळ लिहून सही केली. तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. वहिनी मात्र हसून म्हणाली, "ती काय आईंना विचारून आली, भावोजी?"

तू तिकडे एकटा काळजी करशील, म्हणून हे पाठवत नाही. तू आलास की समोर बसून सांगेन. तोवर पोरीला कुणी काही बोललंच, तर त्याला उत्तर मी देईन.

तुझा धाकटा भाऊ,
अभिराम