शेवटचं कडवं

२ ऑगस्ट, शनिवार

आला! ऑर्गन आला! सोफा बाहेर, ऑर्गन आत! टेम्पोवाला म्हणतो, "बाई, हे कपाट कुठी ठेवू?" कपाट म्हणे! हातांना दोन मजले पट्ट्या, खाली पायांसाठी लाकडी दांड्या. एक बटण दाबलं की बासऱ्या, दुसरं दाबलं की तुताऱ्या. डिजिटल आहे, जुना आहे, एक पट्टी मुकी आहे. पण माझा आहे!

आमचे हे कामावरून आले. दारातच उभे. "आता मी बसू कुठी वं?"

खाली, म्हटलं. बसले बिचारे.

५ ऑगस्ट

इतकी वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली त्याचं फळ! उजवा हात वाजवतो आणि डावा आपला मागे जातो भाता मारायला. भाता आहे कुठे? नुसता हवेत हलतो. हे विचारतात, "माशा हाकलून राहिली का?"

पायांचं तर बोलायलाच नको. दिवसभर नांदगाव पेठेच्या कारखान्यात शर्ट शिवते. मशीनची सवय — पाय एकदा खाली गेला की दाबूनच धरतो. खर्ज सुटतच नाही! शेजारच्या प्रणालीने येऊन विचारलं, काकू, मोटर बिघडली का?

१० ऑगस्ट, रविवार

मंडळाची पेटी दुरुस्तीला घेऊन अकोल्याला गेले. जुन्या शहरात, अब्दुल गफ्फारभाईंकडे. त्यांना माझ्या ऑर्गनचं कौतुक सांगत सुटले. ते चामडं कापता कापता म्हणाले, "ते तं डब्यातलं झालं, बाई. असली पाइपवाला आयकला का कधी? मार्थाबाईकडे जा. माझं नाव सांगा." चर्चच्या ऑर्गनचा भाता तेच सांधतात, आणि तो वाजवतात मार्थाबाई.

तशीच चर्चमध्ये गेले. मार्थाबाई ऐंशीच्या पुढच्या, चणीने एवढ्याशा, आवाज हवालदाराचा. मी जिन्याखाली चप्पल काढली ते पाहिलं आणि म्हणाल्या, "पायानं वाजवता येईन तुले." बाकावर बसवलं. "दाब सर्वात खालचा."

दाबला.

आधी काहीच नाही. मग बाक थरथरला, मग माझे दात, मग खिडकीच्या काचा! मी हसायलाच लागले. मोठ्याने, चर्चमध्ये! थांबताच येईना.

"हासून झालं असंन तं दुसरा दाब," बाई म्हणाल्या.

दर रविवारी दुपारी ये म्हणाल्या. मला! रागिणीला!

२२ ऑगस्ट

पोळा. कारखान्याला सुट्टी. पुरण शिजत ठेवून वाजवायला बसले. पुरण करपलं. पाय मात्र सुटला!

३१ ऑगस्ट, रविवार

बाईंनी आज सरळ सांगितलं — चौदा तारखेला उपासनेत तू वाजव. चांगलं झालं तर वरच्या जिन्याची चावी तुझी, वाटेल तेव्हा ये, वाजव. "नाही जमलं तं आपली पेटीच बरी."

चावी! मला ती चावी पाहिजे. लग्नात डोरल्यासाठी एवढी अडून बसले नव्हते.

१४ सप्टेंबर, रविवार

घालवली. माझ्या हाताने घालवली.

पहिली तीन कडवी अशी छान गेली! लोक गात होते, मी जपून वाजवत होते. मग शेवटचं कडवं आलं. आता आमच्या मंडळात शेवटचं कडवं म्हणजे लय चढवायची, दुगुन करायची, टाळकरी उठून उभे राहतात. हाताला तेवढंच माहीत. सुटला! सगळे लोक माझ्यामागे धावताहेत, पुढच्या बाकावरच्या आजोबांना धाप लागली, पाद्रीसाहेबांचं तोंड उघडं, मागे पोरांनी टाळ्या धरल्या. आणि मी? मी आवाज वाढवायच्या सगळ्या खुंट्या ओढल्या! खोटं कशाला लिहू — फार मजा आली.

संपलं. बाईंनी झाकण लावलं, चावी पर्समध्ये टाकली, जिना उतरून गेल्या.

मूर्तिजापूर येईपर्यंत बसमध्ये रडत होते.

१६ सप्टेंबर

वाजवलं नाही. ह्यांनी दोनदा येऊन पाहिलं. "आज माशा नाहीत का वं?"

हसू आलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी मार्थाबाईंचा फोन.

"चावी घेऊन जाय. डॉक्टर म्हणते नाताळ पाहान, पुढचं काही सांगत नाही. माह्या मातीले तूच वाजवजो. आतापासून बसव."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आन् शेवटचं कडवं तसंच दौडवजो. लोकाईले रडाले सवड नको भेटाले."

हो म्हटलं. मग त्या गाण्याची पट्टी ठरवली. काळी दोन.