पिवळ्या झाकणाचा पेढा

मुलुंड, १० जून १९८४

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तिसरा महिना लागला, पण पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. औषध मागितलं की प्रत्येक डॉक्टर म्हणतो, या दिवसांत नको. गरोदर बायकांवर ते कुणी तपासलेलंच नाही. मग आम्ही काय बादली घेऊन बसायचं? इथल्या दवाखान्यात मात्र एक डॉक्टरीणबाई तेच तपासतायत. काहींना सुंठेच्या कॅप्सूल, काहींना नुसत्या तांदळाच्या पिठीच्या. पिवळ्या झाकणाची बाटली मिळेल की पांढऱ्या, ते नशीब. कुठलीत काय आहे ते बाईंनाही ठाऊक नाही. मी नाव दिलंय. सोबतीला सासूबाई येणार आहेत.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी क्षमा

बोरिवली, १४ जून

चि. सौ. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

तुला काय उंदीर समजलेत का ते? तुझे बाबा म्हणतात, सुंठच तर आहे. त्यांना म्हटलं, आधी तुम्ही बाळंत व्हा, मग बोला. दशरथमामांबरोबर लिंबाचं लोणचं पाठवतेय. ते चाट आणि नाव काढून घे.

जीव तुझ्यापाशी आहे, जपून राहा.

आई

मुलुंड, २५ जून

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वाट लागली. बाटल्या दोन, आत काय ते गुपित, हे ऐकून सासूबाईंना थेट डोहाळजेवण आठवलं. झाकलेल्या दोन वाट्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पिवळं झाकण म्हणजे पेढा, असं त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना पटवून दिलं. बायकांनी आपसांत बाटल्या बदलल्या. एकीने तर जुळ्यांच्या आशेने दोन्हींतल्या निम्म्या-निम्म्या घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी डोकं धरलं. आता सगळं पहिल्यापासून, आणि मला परत घेतील की नाही, देव जाणे. आई, मला रडूच आलं. सुंठेने थांबतं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

तुझ्या दोन ओळींची वाट बघतेय.

क्षमा

बोरिवली, ३० जून

चि. सौ. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा हसून हसून चहा सांडून बसले. मला हसू आलं नाही. तुझी वहिनी नंदा, तिलाही दिवस गेलेत आणि उलट्यांनी बेजार आहे. काल तिला आपल्या डॉक्टरांकडे नेलं. ते पंख्याकडे बघत म्हणाले, औषध नको, कुणी तपासलेलं नाही. अस्सा राग आला. इतक्या बायका इतकी वर्षं ओकल्या, आणि अजून कुणालाच माहीत नाही?

सोमवारी नंदाला घेऊन येतेय. डॉक्टरीणबाईंना सांग, दोघींचीही नावं घ्या. विहीणबाईंना ओरडू नकोस, बाकावर त्यांच्या शेजारी मी बसेन. मुलगा की मुलगी ते यथावकाश कळेलच. उलटी कशाने थांबते ते आत्ता कळू दे.

दोघींवर सारखाच जीव असलेली,
आई