हजेरीपटावरची नावे

९ डिसेंबर १९५७
सालेकशाहून सात मैल बैलगाडी, हाडे खिळखिळी झाली, तरी मन खूश आहे. बोरटोल्याची बंद शाळा आजपासून माझ्या ताब्यात. तिचे समाजमंदिर करायचे आणि संक्रांतीला तिथे दंडारीचे नाचगाणे रंगले पाहिजे, असा विकास कार्यालयाचा हुकूम. छपराचे कवेलू फुटलेत, बाकी इमारत ठणठणीत. भैयाजी पाटलांनी विचारले, बाईमाणसाला हे निभेल का? म्हटले, नवरा गेला, पोर गेली, तरी निभावतेच आहे. कुमुद आज नऊ वर्षांची असती.

१२ डिसेंबर
धान चुरून झाले, मळणी संपून बाया मोकळ्या झाल्या. शेजारच्या देवकाबाईने भिंती पांढऱ्या मातीने झकास पोतारल्या. कपाटात जुना हजेरीपट सापडला. तीन वर्षांपूर्वी देवीच्या साथीत सात मुले गेली आणि शाळा बंद पडली. पण त्यांची नावे गावाने मास्तरांना कापू दिली नाहीत. नाव कापले की पोर शाळेतूनही जाते, असे इथे मानतात. देवकाबाईचा मंगरू त्या सातांतलाच. ती म्हणाली, "नावं राहू द्या जी, पन मोठ्यानं वाचू नोका. निजले आहेत लेकरं." मी हो म्हटले. वाद घालत बसले तर छप्पर कधी शाकारणार?

१५ डिसेंबर
दुपारी यादी उतरवून घेताना मोठ्याने वाचत गेले. आठ वर्षे मास्तरीण होते, तोंडाला वळणच ते. मंगरूच्या नावाला मागून कोणीतरी "हजर" म्हणाले. मग सातांतल्या पुढच्याही प्रत्येक नावाला. वळून पाहिले, खोली रिकामी. फार घाबरले, खोटे कशाला लिहू?
मग जे केले ते कोणाला सांगणार नाही. हजेरीपटात खाली कुमुदचे नाव लिहिले आणि वाचले.
आवाज तिचाच होता.

१६ डिसेंबर
ती आली. तेवढीच, पाच वर्षांची. मांडीवर बसली, अंग गार. काम बंद ठेवले, कोणाला आत येऊ दिले नाही. चार वर्षांत इतकी सुखी झाले नव्हते.

१९ डिसेंबर
कुमुद भूक भूक करते. भात कालवून भरवला, गिळता येत नाही, घास तसाच बाहेर पडतो. देवकाबाई दारात येऊन रडली. मंगरूही रोज तिच्या घरी येऊन जेवायला मागतो. "काऊन उठवलं जी बाई? आत्ता कुठं त्याचं ताट मांडनं सोडलं होतं मी." आता तीच म्हणते, नाव कापा.

२१ डिसेंबर
साती आया आल्या. एकेकीसमोर एकेक नाव कापले. मंगरूचे शेवटी — देवकाबाईने माझा हात धरला, दोघींनी मिळून रेघ — एकेक आवाज थांबत गेला —
आठव्या नावाचे कोणी विचारले नाही.

२२ डिसेंबर
कुमुद आता एकटीच रडते. ओठ फुटलेत — आई, जेवायला घाल ना —
मीच उठवली. माझ्या सुखासाठी —

२३ डिसेंबर
कापायलाच हवे. पण तेव्हा दवाखान्यात मला आत सोडले नाही, एकटीच गेली ती — पुन्हा एकटी नाही —
तिच्याखाली माझे नाव लिहिले. यमुना. ती मांडीवर आहे. दोघींवरून एकच रेघ ओढ—