सोमवारचा पाऊस

६ ऑगस्ट, गुरुवार

…आणि त्या सकाळी मी काही वेगळं केलं नव्हतं. चुलीतली राख उकरली. शेळीला पाला टाकला. दुधाचं पातेलं विसळून पालथं घातलं. ह्यांचा डबा भरताना ठेच्यात मीठ जास्त झालं, म्हणून वरून शेंगदाण्याचं कूट टाकलं. हे अंगणात उभ्यानं चहा पीत होते. म्हणाले, "वरच्या वस्तीला टँकर खाली करून येतो, मग बाजरीत जाऊ." सोमवार होता. विहिरीवर टँकर भरायला लावला आणि तिथंच, बसल्या जागी गेले. डबा भरलेलाच परत आला.

आज का आठवलं कोण जाणे. बाजरीनं पुन्हा मान टाकलीय, म्हणून असेल.

पर्जन्यमापकात आज शून्य.

शेजारच्या हिराबाई विचारत होत्या, हा पांढरा डबा कशाला रोवलाय अंगणात. सांगितलं, भूगोलाच्या ऑनर्सचं शेवटचं वर्ष आहे, त्याचा प्रकल्प. महसूल मंडळाचं सरकारी पर्जन्यमापक तिकडं कॅनॉलच्या अंगाला. तिथं पाऊस पडला की आमच्या गावातही पडला असं कागदावर धरतात. विमा, दुष्काळ, सगळं त्या आकड्यावर. आपल्याकडं खरं किती दिवस कोरडे जातात ते मोजून दाखवायचं.

"पडला तर भिजशील, न्हाई तर न्हाई. त्यात मोजायचं काय?"

हसू आलं. पण त्या गेल्यावर वाटलं, खरंच, पंचेचाळिशीत मी हे काय मांडून बसलेय.

११ ऑगस्ट, मंगळवार

साडेआठला माप लावलं. १.८ मिलिमीटर. काल दिवसभर आभाळ कोरडं ठाक होतं, रात्री चांदण्या होत्या. मग हे पाणी कुठून? शेऱ्यात "दव?" लिहिलं. गेल्या महिन्यातही दोन-तीनदा असंच झालं होतं, तेव्हाही दवच लिहिलं.

इतकं दव पडतं का? पुस्तकात बघायला हवं.

१८ ऑगस्ट, मंगळवार

३.१. काल ऊन होतं. मी काल श्रीगोंद्याला कॉलेजात होते, येताना एसटीत घामानं भिजले, पावसानं नाही. आत्याबाईंना विचारलं, काल इकडं काही पडलं का? आत्याबाई म्हणजे सासूबाई, अंगणाबाहेर फारशा जात नाहीत, त्यांना दिसलं असतं.

"न्हाई ग माय. कुटला पाऊस."

३.१ लिहिलं. जे मापात आलं ते लिहायचं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

१९ ऑगस्ट, बुधवार

मॅडमनी नोंदी तपासल्या. लाल पेन एका जागी थांबलं.

"काकू, आभाळ निरभ्र लिहिलंय. आणि पाऊस तीन?"

सगळा वर्ग मला काकू म्हणतो, मॅ. पण. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील.

म्हटलं, मापात आलं ते लिहिलं.

"एक मुलगा मोबाईलमधले आकडे उतरवून घेऊन आला होता, त्याचा प्रकल्प मी परत दिला. तुम्ही तसं कराल असं मला वाटत नाही. पण बाहेरून परीक्षक येणार, ते तुम्हाला ओळखत नाहीत. अडीचच्या वर गेलं की पावसाचा दिवस धरायचा. तुमचा सलग कोरड्या दिवसांचा खंड इथंच तुटतो. आकडे घरी बसून भरलेत असं त्यांना वाटलं, तर प्रकल्प गेला. प्रकल्प गेला की ऑनर्स गेलं."

घरी बसून भरलेत.

गाडीत खिडकीशी बसले, पण बाहेर काही दिसलं नाही. दहावी-बारावी बाहेरून दिली. हे टँकरच्या केबिनमधून जुने पेपर आणायचे, रद्दीतले, तेलाचे डाग पडलेले. त्यावर वाचायला शिकले म्हटलं तरी चालेल. कधी कुणाची कॉपी केली नाही. आणि आता पावसाची करीन?

२१ ऑगस्ट, शुक्रवार

पर्जन्यमापक (प.मा.) उपसून उलटं केलं. कुठं चीर नाही. नरसाळं नीट बसलेलं. पाखरं बसतात का म्हणून दुपारभर पाळत ठेवली. एक साळुंकी आली, तीही कोरडी. वस्तीवरच्या पोरांना दम दिला. त्यांनी शपथा घेतल्या. एवढ्याशा पोरांना शपथा घ्यायला लावल्या, वाईट वाटलं.

हिराबाई कुंपणावरून: "आता आभाळाला बी राखण बसवलीस व्हय?"

जेवण गेलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आभ्यासानं वाळून चाललीस. येवढा कसला आभ्यास त्यो."

२२ ऑगस्ट, शनिवार

पूजा आली होती आलेख काढायला. वर्गातली पोर, हुशार, तोंडाळ. तिच्या लॅपटॉपवर माझ्या नोंदी घातल्या. उभ्या काड्या उठल्या. बघत बसली आणि एकदम खिदळली.

"काकू, तुमच्या गावात पाऊस सोमवारीच पडतो का हो? सुट्टी-बिट्टी बघून येतो काय?"

मी वाकून पाहिलं. खरंच. मंगळवारच्या सकाळची नोंद म्हणजे सोमवारचं पाणी. जवळजवळ प्रत्येक आठवड्याला एक बारकी काडी.

सोमवारी मी साडेआठला मोजते आणि साडेनऊच्या गाडीला पळते. घरी कोण असतं, ते मला माहीत आहे. पूजाला काही बोलले नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

गाडी धरली नाही. डोकं दुखतं म्हटलं आणि आत पडून राहिले. स्वयंपाकघराच्या जाळीतून अंगण दिसतं.

आत्याबाई सोमवारच्या म्हादेवाला जाऊन आल्या. हातात तांब्या. प.मा.पाशी थांबल्या. चपला काढल्या. तांब्यातलं घोटभर पाणी नरसाळ्यात घातलं, वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला. मग चपला घालून शेळीला हाडहाड करत गोठ्याकडं.

मी काचेचं माप हातात धरून तशीच उभी.

संध्याकाळी धान्य निवडताना विचारलं. "आत्याबाई, त्या डब्यात पाणी घालता का तुम्ही?"

"व्हय. सोमवारचं."

"कशासाठी?"

"आता कशासाठी! आखितीला मांडलास न्हवं तू करा, त्याच्या नावानं? म्या म्हनलं, शिकल्याली हाय, शिकल्यालीवानी मांडला. रोज सकाळी वाकून बघतीस. मला वाटलं, पानी किती हाय ते मापती."

आखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी डबा रोवला. दुसरं काही कारण नव्हतं. आणि त्या धावपळीत कुंभाराकडं जायचं राहिलं. ह्यांच्या नावाचा करा, गेलेल्या माणसाच्या तहानेसाठी भरतात तो पाण्याचा घट, ह्या वर्षी मांडलाच नाही. माझ्या लक्षात आलं नाही. आत्याबाईंच्या आलं असतं, पण त्यांना वाटलं मांडला.

"बरं," एवढंच म्हणाले.

२७ ऑगस्ट, गुरुवार

शून्य. आभाळ निरभ्र. हा तरी आकडा खरा.

पूजाला फोनवर सांगितलं. तिला आधी हसू आलं. मग म्हणाली, "काकू, सोमवारी सगळीकडं शून्य टाका ना. आजींना काय कळतंय, परीक्षकाला तरी काय कळतंय?"

रात्रभर तेच डोक्यात. पण २० जुलैला सोमवारच होता आणि त्या दिवशी खरी भुरभुर आली होती. मी कॉलेजातून आले तर गोवऱ्या भिजलेल्या. त्या दिवसाच्या आकड्यात आभाळाचं किती आणि आत्याबाईंचं किती, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही. शून्य लिहिलं तर तेही खोटंच.

आणि त्यांना सांगायचं कसं, की तो करा नाही. लेकासाठी एवढं एकच काम त्यांच्या हातात उरलंय. मी पुस्तकं तरी वाचते.

१ सप्टेंबर, मंगळवार

काल गाडी धरली. मुद्दाम थांबले नाही. अडवता आलं असतं. डब्यावर ताट झाकून जाता आलं असतं. नाही झाकलं.

आज २.२. शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसले. मग लिहिलं: "आत्याबाई."

४ सप्टेंबर, शुक्रवार

मॅ.ना सांगितलं. सगळं. आखिती, करा, तांब्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे प्रकल्पात असंच लिहा. नोंदी कशा बिघडल्या, त्याचं वेगळं पान करा."

मान्य होईल का, विचारलं.

"मला सांगता येत नाही, काकू. परीक्षक म्हणाले सगळे सोमवार वगळा, तर खंड सिद्ध होत नाही. पुढच्या पावसाळ्यात परत मोजावं लागेल. किंवा कदाचित… बघू. दसऱ्याआधी तोंडी परीक्षा आहे. तुमचं तुम्हालाच सांगावं लागेल."

दारापर्यंत आले तेव्हा मागून म्हणाल्या, "आणि सासूबाईंना थांबवा आता."

थांबवा. एका शब्दाचं काम त्यांच्या लेखी.

पुढच्या पावसाळ्यात परत म्हणजे आणखी एक वर्ष. पोरी पास होऊन जातील. बाहेरच्या माणसासमोर उभं राहून हे कसं सांगू? तो हसला तर? मला हसला तर चालेल.

६ सप्टेंबर, रविवार

कुंभारवाड्यात गेले. आखिती होऊन महिने झाले, आता करे कुठले. कुंभार म्हणाला, "ताई, आता गनपतीचं दिवस. आता करा कोन मागतंय?" शेवटी बारकं मडकं दिलं, गळ्याशी जरा वाकडं.

अंगणात ठेवलं. प.मा.पासून हातभर लांब, शिंतोडे उडून आत जाऊ नयेत म्हणून. आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या.

"ह्ये काय आनलंस?"

"ह्यांचा करा. ह्यांच्या नावाचं यात घालत जा."

"आन त्यात?"

"त्यात आभाळाचं. तो कॉलेजचा आहे."

आत्याबाईंनी पदरानं ओठ पुसले.

"मंजे इतके दिवस म्या आभाळाच्या घरात घातलं व्हय?"

मी ओट्यावर लसूण सोलायला बसले.

मग म्हणाल्या, "यातलं बी मापतीस का तू?"

"नाही. यातलं नाही मापत."

"मग बरं झालं. तिकडं तुज्या मापाच्या भ्यानं घोटभरच घालत हुते. यात भरून घालते."

७ सप्टेंबर, सोमवार

बिघडलेल्या नोंदींचं पान लिहायला घेतलं. पहिलं वाक्य चार वेळा खोडलं. "माझ्या सासूबाईंनी" असं लिहावं, की "घरातील एका व्यक्तीने"? परीक्षकाला कुठलं बरं वाटेल? शेवटी सासूबाई ठेवलं. आकड्यांपुढं नाव हवं.

कॉलेजला गेलेच नाही आज. आणि जाळीतूनही पाहिलं नाही. पाठ करून लिहीत बसले. तांब्याचा आवाज आला, कुठं ओतलं ते आवाजावरून कळलं नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार

साडेआठला मोजलं. शून्य. शून्य लिहिलं. मडकं काठोकाठ भरलेलं होतं, त्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि पान घेऊन साडेनऊची गाडी धरली.