चौकटीबाहेरचे ठिपके

३ मार्च
पोचले एकदाची! अ‍ॅडलेडहून विमान, मग ट्रक, आणि नाकातोंडात ही लाल धूळ. पण ब्रोडी छावणीच्या फाटकाशीच उभा होता, त्यामुळे सगळं माफ. लग्न झाल्यापासून तो इथे बोअरच्या खोल विहिरीवर पाइप उतरवतोय आणि मी शहरात दगड तपासतेय. आत्ता कुठे नवराबायको एका छपराखाली आलोय. छप्पर कसलं, पत्र्याचा डबा! शेजारचा डबा म्हणजे माझी प्रयोगशाळा. ब्रोडीने दारावर त्याची नेहमीची टकटक केली, दोनदा, थांबून एकदा, आणि म्हणाला की मॅग्ज, उघड, घरमालक आलाय. मेल्या, दार उघडंच होतं! स्वयंपाकघरातल्या मर्लने खिमा भरलेला मीट पाय वाढला आणि बजावलं की सॉस नको म्हणणाऱ्यांना ती उपाशी ठेवते. मी दोनदा घेतला.

५ मार्च
कामाला लागले. इथे खूप खोलवर तापलेला ग्रॅनाइट आहे. त्यात जोराने पाणी सोडून तडे पाडायचे, तेच पाणी उकळतं वर आणायचं आणि वीज करायची, असा सगळा खटाटोप. विहिरीतून काढलेला मुठीएवढा तुकडा मी यंत्रात दाबते आणि त्यातून आवाज किती वेगाने जातो ते मोजते. खाली तडा जाताना आवाज होतो; तो टिपला की या वेगावरून तडा नेमका कुठे गेला ते कळतं. प्रत्येक तड्याचा पडद्यावर एक ठिपका. ग्रॅनाइटभोवती चौकट आखलेली असते. तिच्याबाहेर पडलेले ठिपके कचरा समजून पुसायचे. सगळेच पुसतात, मीही आजवर तेच केलंय. आमचे साहेब गार्थ ट्रेझाइज हसून म्हणाले की दगडांच्या डॉक्टरीणबाई, चौकटीबाहेर बघत बसलात तर जेवायलाही फुरसत मिळणार नाही.

९ मार्च
विहिरीचा पोलादी पाइप म्हणे खालून वाजतो, कुणी बोटाच्या पेराने ठोकावं तसा. गडी थट्टेवारी नेतात. आज ब्रोडीला लहर आली, त्याने पान्याने उलट उत्तर दिलं. आपलीच टकटक, दोनदा, थांबून एकदा. जरा वेळाने खालून तशीच परत आली. सगळे पोट धरून हसले म्हणे. रात्री त्याने ते सांगितलं तेव्हा मीही हसले. मग मनात आलं, प्रतिध्वनी इतक्या उशिरा येत नाही.

११ मार्च
यंत्रात तुकडा नुसता ठेवला होता, दाब दिलाच नव्हता. तरी वाजला. दोनदा, थांबून एकदा. पडद्यावर ठिपके दगडात पडले नाहीत, टेबलाच्या खाली पडले. सवयीने पुसून टाकले. आता वाटतंय, काय करून बसले मी?

१२ मार्च
विहिरीचे आजवर पुसलेले ठिपके परत काढले, एकत्र मांडले. कचरा असा रांगेत उभा राहत नाही. ग्रॅनाइटच्या वर, पाइपाला धरून, चढत चाललेत. ब्रोडीने ठोकलं त्या दिवसापासून तर भराभर. गार्थकडे धावले, म्हटलं पंप बंद करा, माणसं हलवा. ते म्हणाले की तुमचाच वेग चुकला असेल, आधी मोजून आणा. मोजला. पुन्हा मोजला. तोच येतोय. देवा, एवढं एकदाच मला चुकू दे.

१३ मार्च
ब्रोडीचे पाय धरायचेच बाकी ठेवले. विहिरीवर जाऊ नकोस म्हटलं. तो म्हणाला की दगडाला घाबरणारी दगडवाली पहिल्यांदाच बघतोय. कपाळाचा मुका घेतला आणि गेला—

१४ मार्च
विहिरीचं तोंड खचलं. बाकी सगळे निघाले. ब्रोडी नाही.
गार्थ रडत सांगत होते की तो पाइपाला कान लावून बसला होता, हसत म्हणाला, खालून मॅग्ज बोलावतेय—
मी इथे होते. मी इथेच होते!

१५ मार्च
छावणी रिकामी करतायत. मर्ल दंडाला धरून ओढत होती, बस पोरी गाडीत, म्हणत होती. मी प्रयोगशाळेत शिरून आतून कडी लावून घेतली.
तुकडा वाजतोय. दोनदा, थांबून एकदा.
खाली जे काही आहे, ते ही टकटक त्याच्याकडून शिकलंय. कळतंय मला, सगळं कळतंय. पण तोच असला तर? जिवंत असला तर? चौकटीबाहेर त्याला कोण शोधणार—
मी उत्तर दिलं. पेराने. दगडावर.

दुपार
गाडी गेली. मर्ल शेवटपर्यंत हाका मारत होती.
ठिपका माझ्या खुर्चीखाली. वर येतोय.
पायाखालच्या फळीवर टकटक— खालून. आणि आवाज. मॅग्ज, उघड, घरमालक आलाय.
त्याचाच आवाज. अगदी त्याचाच—
पडदा पुसून टाकला. नाही बघायचं.
फळी सैल झालीय. गरम वाफ— थांब रे राजा, आले, आलेच—
अंगठी दिसली! लग्नाचीच— ब्रोडी—
पण बोटाला पेरं किती ही, संपतच नाही—