वापरलेली वीज जाते कुठे?

तीर्थस्वरूप दादांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो उभ्या उभ्याच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) ऑपरेशननंतर वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना चढतात का? स्वतःचा चहा स्वतः करतात का? आस्थेने विचारतो आहे, यात माझा काडीचाही स्वार्थ नाही. तुमची बहीण त्यांची सेवा नीट करत असेलच. इकडची काळजी करू नकोस म्हणावं. मी रोज काहीतरी शिजवतो आणि त्यातलं बरंचसं खातोही.

माझा प्रयोग तुमच्या कानावर आला असेल, पण बहिणीच्या तोंडून, म्हणजे विपर्यास होऊनच. मी उभा जन्म पंपहाऊसमध्ये काढला. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, हेच काम. निवृत्तीनंतर एकदा दिव्याकडे बघता बघता मनात आलं, अंघोळीचं पाणी आपण झाडांना घालतो, मग दिव्यात वापरून झालेली वीज जाते कुठे? (हे मी वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांना विचारलं. ते विज्ञान शिकवायचे. ते बराच वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले, यावरून उत्तर त्यांनाही ठाऊक नाही हे मी ओळखलं.) म्हणून जेवणाच्या टेबलावर चार बॅटऱ्या मांडल्या. पुढच्या दोघींनी दिवा पेटवायचा, दिव्यातून बाहेर पडलेली वीज मागच्या दोघींनी झेलायची, आणि खटका पडला की आपोआप अदलाबदल. टक, टक, टक, दिवसभर.

सुरुवातीला जरा गडबड झाली, नाही कशाला म्हणू? स्कूटरची बॅटरी काढल्यामुळे मी पायी हिंडू लागलो. एकदा खटक्याची तार दारावरच्या घंटीच्या तारेला चिकटली. सकाळभर घंटी वाजत होती आणि तुमची बहीण दर वेळी दार उघडून येत होती. (बाहेर कुणी नाही हे पहिल्या चार वेळांतच कळायला हवं होतं, असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं.) तुम्ही दिलेल्या टेबलक्लॉथवर ॲसिड सांडलं. तो आता जाळीदार झाला आहे, पण हवा छान खेळते. ताटं मांडीवर घेऊन जेवायची वेळ आली तेव्हा मात्र तिचा संयम संपला. शेवटी ठरलं, दिवा विझेल त्या दिवशी टेबल रिकामं करायचं आणि सगळं सामान भंगारात द्यायचं. तेव्हापासून ती येता-जाता दिव्याकडे बघून नाक मुरडायची. मेला विझतही नाही, म्हणायची. दुपारी मी आडवा झालो की, या टकटकीने डोकं उठतं, असं म्हणत माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घ्यायची.

पण दिवा विझला नाही, दादा! आठवडेच्या आठवडे! हेडमास्तर रोज बघायला यायचे आणि तोंडात मारल्यासारखे परत जायचे. रविवारी ते फिरायला जाणारी सगळी मंडळी घेऊन येणार आहेत. आणि नेमकी तुमची बहीण तुमच्याकडे आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दिव्याने मान टाकली. मी तारा तपासल्या, खटका पुसला, हवामानाला दोष दिला, हेडमास्तरांवरही संशय घेतला. काही उपयोग नाही. अब्रूचा प्रश्न आहे, पण तो माझा. वहिनींना जपा.

आपला,
मेहुणा

ता. क. पत्र संपवून पीठ शोधायला उठलो, तर डब्यामागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेला चार्जर निघाला. भिंतीतल्या विजेवर बॅटऱ्या भरायचा. मी असला चार्जर कधी आणलेला नाही. त्याच्या चिमट्यांवर पिठाच्या बोटांचे ठसे आहेत. दादा, टेबल तिलाच हवं होतं. एक-दोन दुपारी चार्जर न लावता गप्प बसली असती तरी मिळालं असतं. मी किती तरी वेळ पीठ न घेताच ओट्यापाशी उभा होतो.

ता. क. २. वहिनींचा गुडघा रविवारपर्यंत बरा होण्यासारखा आहे का?

ता. क. ३. रविवारचं राहू द्या. चार्जर मलाही लावता येतो. हेडमास्तरांना मी खरं ते सांगून टाकलं, ते पुन्हा बराच वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले. टेबल पुसून रिकामं केलं आहे, पण हे तिला सांगू नका. चार्जर सापडल्याचंही नको. एवढंच सांगा, की दिवा विझला. मिळेल त्या गाडीने ती निघेल.