त्या सकाळी लाइन एंगेज होती

शाम शुई पो, काउलून
सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

चि. सिरिल यास ताईचे आशीर्वाद, या खेपेस हात आखडता घेऊन. वि. वि.

शनिवार, सात नोव्हेंबर, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. हा दिवस आणि ही वेळ आधी टिपून घे, मग पुढचं वाच. शाळेत सिस्टर इमेल्डा सांगायच्या की तक्रार लिहायची तर दिवस आणि वेळ पहिल्या ओळीत, रडगाणं मागाहून. त्या वेळी चेंग चाऊ बेटावर, टेकडीवरच्या दफनभूमीत, अस्थी काढणाऱ्या शेककाकांनी आपल्या आईची कबर उघडली. तिथे आपल्या घरचं एकही माणूस नव्हतं. तू नव्हतास, कारण तू व्हँकुव्हरला असतोस. मी नव्हते, कारण मी कॉम्प्युटरवर तुझी फाइल उतरवत बसले होते.

सात वर्षं झाली की जागा रिकामी करून द्यायची, अस्थी काढून, स्वच्छ करून कुंभात ठेवायच्या, हे तुला नव्याने सांगायला नको. शेककाकांची पद्धतही तुला ठाऊक आहे, बाबांच्या वेळी त्यांचा फोन तूच घेतला होतास. ते तारीख देत नाहीत. माती कोरडी आहे आणि आभाळ बरं आहे असा दिवस दिसला की सकाळी धक्क्यावरच्या दुकानातून घरी फोन करतात, निघा म्हणून. आपण मिळेल ती बोट पकडायची. एकदा कुदळ घातली की ते थांबत नाहीत, कारण दुपारचं ऊन अस्थींवर पडू द्यायचं नसतं. म्हणजे त्या आठवड्यात माझ्याकडे काम एकच होतं, सकाळी फोन मोकळा ठेवायचा. जन्मभर एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे परदेशी कॉल जोडून दिलेल्या बाईला एवढं जमायला हवं होतं.

आता तुझ्या उपायांबद्दल. उन्हाळ्यात तू हा फोनच्याच लाइनवर चालणारा कॉम्प्युटर पाठवलास आणि म्हणालास की आता आपण रोज भेटू. भेटलो की. तुझ्या नातवाचा फोटो उतरायला लागला की आधी आभाळ येतं, मग टोपी, मग कपाळ, आणि डोळ्यांपर्यंत पोचतो तोवर लाइन तुटते. त्या मुलाचं नाक मी ऑगस्टात पहिल्यांदा पाहिलं. मी कुरकुर केली, तर तू वेग वाढवायचे उपाय कळवू लागलास. घरातला दुसरा फोन काढ, नुसता भिंतीला लावलेला असला तरी लाइनचा जीव खातो. काढला, टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. लांब वायर बदलून आखूड घे. घेतली, म्हणून आता कॉम्प्युटर पलंगाला खेटून आहे आणि मी वाटी मांडीवर घेऊन जेवते. वायर फ्रिजपासून दूर ने. नेली. मोडेमच्या सेटिंगमध्ये अमुक एक ओळ टाइप कर. केली, आपण लहानपणी लॅटिन प्रार्थना म्हणायचो तशी, अक्षरही न कळता. आणि शेवटी, कॉल वेटिंग बंद करून टाक, मध्येच कुणाचा फोन आला की डाउनलोड तुटतं. मी ते बंद केलं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं की मला मध्येच फोन करणार तरी कोण.

शुक्रवारी तुझी मेल आली. आईसाठी तुझा निरोप आहे, चित्र आणि आवाज दोन्ही, कबर उघडण्याआधी मी पाहावा आणि तिथे उभी राहून तिला सांगावा. लाइन आता इतकी साफ झाली आहे की वीस मिनिटांत येईल, फक्त सकाळी लवकर बस, तेव्हा गर्दी नसते. शनिवारी सकाळी सात वाजता बसले. अर्ध्यावर तुटली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा ती निळी पट्टी पुढे सरकायला लागली तेव्हा मी तिच्याकडे पाहत बसले, आणि तूच सांग, जवळजवळ शेवटाला आलेली गोष्ट सोडून माणूस उठतो का?

उतरली. लाइन सोडली आणि त्याच क्षणी फोन वाजला. शेककाका होते.

“बाई, उरकलं,” म्हणाले. “चारदा धक्क्यावर उतरलो. दर वेळी एंगेज. म्हटलं, कॅनडाशी बोलत असाल.”

मी सेंट्रलच्या धक्क्यावरून बोट धरली. वर पोचले तोवर कुंभावर झाकण बसलं होतं. अस्थींवर छत्री धरायला घरचं कुणी नाही म्हणून त्या म्हाताऱ्याने फावडं जमिनीत रोवून छत्री त्याच्या दांड्याला बांधली होती. आईची जपमाळ तुटली होती, मणी त्यांनी बिस्किटाच्या डब्यात गोळा करून ठेवले होते. मला रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं.

तुझ्याकडून खुलासा हवा आहे. मेल नको, कागद हवा. बाकी तब्येत ठीक, दात तेवढा ठणकतो.

अजून तरी तुझीच,
उर्सुला

•

रिचमंड, व्हँकुव्हर
१७ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस सिरिलचा वाकून नमस्कार. आशीर्वाद कमी केलेस तरी नमस्कार पूर्ण आहे. वि. वि.

तुझं पत्र दुपारी आलं आणि मी ते गाडीतच वाचलं. घरात नेलं नाही. तुझ्या भावजयीने, मेबलने, विचारलं ताईचं काय आलंय, तर दात दुखतोय म्हणून सांगितलं.

आधी मी तुला दोन पानं लिहिली होती. तुटलेली फाइल जिथे तुटली तिथूनच पुढे उतरवणारा एक प्रोग्राम मिळतो, तो तुला आधीच पाठवायला हवा होता, वगैरे. आणि हाँगकाँगात भाजीवालीकडेसुद्धा मोबाईल असतो, तू एक का घेत नाहीस, हेही. मग वाचून पाहिलं. आईची कबर आणि मी डाउनलोडबद्दल लिहितोय. फाडून टाकली.

पण एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण तू लिहिलं आहेस की तुला फोन करणार तरी कोण. ताई, मी करतो. दर रविवारी, चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्साहून आल्यावर, तुझ्याकडे सोमवारची सकाळ असते तेव्हा. उन्हाळ्यापासून तुझा फोन सतत एंगेज असतो. मला वाटायचं तू मैत्रिणींशी बोलत असशील, मला बरं वाटायचं. मग मी फोन ठेवायचो आणि मेल लिहायचो, आणि फोटो जोडायचो, मोठा, म्हणजे तुला नीट दिसावा. आता कळतंय की तू त्या वेळी लाइनवर बसून माझ्याच मेलची वाट पाहत असायचीस. एवढ्या मोठ्या जगात आपण दोघंच एकमेकांची वाट अडवून बसलो होतो.

कामातून सुटी मिळत नाही असं मी तुला कळवलं होतं. खोटं होतं ते. सुटी मागितलीच नव्हती. बाबांच्या वेळी छत्री मी धरली होती, तुला आठवत असेल. शेककाका एकेक हाड पुसून माझ्यासमोर ठेवत होते, पायापासून वर, आणि मी नीट पाहत होतो, मुलाने पाहायचं असतं म्हणून. त्या दिवसानंतर मला बाबांचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की जे त्या दिवशी पाहिलं तेच येतं. फोटो काढून बघतो, फोटोतला माणूस कुणीतरी दुसराच वाटतो. आईचा चेहरा अजून माझ्याकडे आहे. तपकिरी कोट, डोक्याला तेल, मासा निवडताना ओठ घट्ट मिटलेले. तो जाऊ नये म्हणून मी आलो नाही. का येत नाही हे तुला सांगायची लाज वाटली, म्हणून त्या निरोपात आईची माफी मागितली, आणि ते तुझ्या गळ्यात टाकलं.

तुला तिथे एकटीला उभं राहावं लागलं असतं, आणि माझ्यामुळे तेही जमलं नाही. याला खुलासा नाही माझ्याकडे.

दात काढून टाक, लांबणीवर टाकू नकोस. राग ओसरला नाही तरी लिहीत राहा, रागाची पत्रंही पोचतात.

तुझा,
सिरिल

•

शाम शुई पो, काउलून
गुरुवार, २६ नोव्हेंबर १९९८

चि. सिरिल यास ताईचे आशीर्वाद, मोजमाप न करता. वि. वि.

दात काढला. दंतवैद्याने विचारलं, घरी न्यायला कुणी आलंय का. म्हटलं, आलंय, खाली थांबलंय. मग बसने एकटीच आले, तोंडात कापूस धरून.

मोबाईलचं म्हणशील तर घेणार नाही. रस्त्यात उभं राहून ओरडायचं माझ्या शाळेत शिकवलं नव्हतं. रविवारच्या फोनचं मात्र वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पेजेच्या दुकानात जाऊन बसले, घरात बसवेना. तिथली मुलगी दर वेळी दोन चमचे आणते. मी कधी परत पाठवत नाही. मैत्रिणी म्हणशील तर पत्ते खेळायला चौघी लागतात आणि आम्ही दोघी उरलोय, त्यातली एक आता ऐकत नाही. लोकांचे कॉल जोडताना मला पलीकडचं रडणंसुद्धा ऐकू यायचं, न्यूयॉर्कचं, लिव्हरपूलचं. आणि स्वतःचा भाऊ दर रविवारी दार वाजवून परत जात होता, ते कळलं नाही. कॉल वेटिंग परत सुरू केलं आहे. दुसरा फोनही भिंतीला लावला. वेग गेला खड्ड्यात.

तुझा निरोप पाहिला. चित्र टपालाच्या तिकिटाएवढं, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, जसा काही तू स्वतःच्या मागे धावतोयस. टक्कल पडलंय तुला. ते तू कुठल्याच फोटोत दिसू दिलं नाहीस, दर वेळी टोपी. तू म्हणतोस, आई, मला यायला जमलं नाही, माफ कर. बास, एवढंच. एवढ्यासाठी सकाळ गेली. पण मी ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा. किती वेळा ते सांगणार नाही. या घरात उन्हाळ्यापासून तेवढाच एक माणसाचा आवाज होता.

आता तुझ्या भीतीबद्दल. मी ओरडेन असं तुला वाटलं असेल. पहिलं पत्र लिहिताना एक गोष्ट मी गाळली होती. मी टेकडीवर पोचले तेव्हा शेककाकांनी विचारलं, झाकण काढून दाखवू का, घरच्यांनी एकदा पाहावं. मी नको म्हटलं. घाईघाईने म्हटलं. तेव्हा तुझ्याहून मी धीट आहे असा माझा दावा नाही. माझ्याकडेही तोच चेहरा आहे, मासा निवडतानाचा. आपण दोघांनी मिळून तो सांभाळला आहे म्हणायचा.

पण कुंभ अजून दफनभूमीतल्या खोलीत, दुसऱ्यांच्या कुंभांमध्ये ठेवलेला आहे. भिंतीतला कोनाडा मिळाला, बाबांच्या शेजारचा. शनिवारी, नऊ जानेवारीला, दफनभूमीवाल्यांनी तो उघडायचं ठरवलं आहे. फादर प्रार्थना म्हणतील. झाकण सिमेंटने बंद केलेलं असेल, तुला काहीही पाहावं लागणार नाही. फक्त खोलीपासून कोनाड्यापर्यंत कुणीतरी तिला उचलून न्यायचं आहे. मी शेककाकांना विचारलं, मला झेपेल का. ते म्हणाले, काही जड नाही बाई, एकट्या सहज न्याल.

ते वाक्य तेव्हापासून माझ्या कानातून जात नाही. आई जड नाही. मला ते एकटीने हातात घेऊन कळायला नको आहे.

म्हणून विचारते, नऊ जानेवारीला तू येतोस की नाही? कारणं लिहू नकोस, कारणं मला पटतील आणि मग मी काही बोलू शकणार नाही. हो किंवा नाही, एवढंच. तुझ्या हाताने, कागदावर. शनिवारी, बारा डिसेंबरला, दुपारच्या टपालापर्यंत उत्तर माझ्या पेटीत पडलं पाहिजे. त्या दिवशी मी खाली जिन्यापाशीच बसून असेन.

लोभ आहेच, तो मागायचं माझं वय राहिलं नाही. उत्तर तेवढं मागते.

तुझी,
उर्सुलाताई